गडदेबाईंचं बिनड्रायव्हरचं ट्रॅक्टर

गडदेबाई वर्गात हजेरी घ्यायच्या नाहीत. आत यायच्या, खडू आणि डस्टर टेबलावर ठेवायच्या, दारापासून खिडकीपर्यंत पोरांवरून एकदा नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "तो लांब मानेचा कुठं गेलाय रे?" लांब मानेचा खरंच गेलेला असायचा. हजेरीपट त्या नंतर स्टाफरूममध्ये बसून भरायच्या. त्यात कधी चूक निघाली नाही. विभागप्रमुख मीच होतो, त्यामुळे हे मला खात्रीनं सांगता येतं.

एकदा मी विचारलं, "बाई, इतक्या पटकन मोजता कशा?"

"मोजत न्हाई सर. मोजायला लागलं की चुकतंय. आमचे आबा म्हनतेत, कळप बघायचा असतो. बघताना जिथं डोळा अडकतो, तिथलं मेंढरू गेलेलं असतंय."

आबा म्हणजे त्यांचे वडील. युसूफ वडगावच्या बाहेर त्यांची वस्ती. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. असल्या घरातली मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकून आमच्या कॉलेजात शिकवायला कशी आली, हे बाईंनी मला सलग कधी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. आमचं कॉलेज घाटनांदूरच्या अलीकडं, माळावर. संस्था खाजगी. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. मी भाऊंच्या भावकीतला, म्हणून मेकॅनिकलला लागलो आणि पुढं प्रमुख झालो. बाई मात्र माझ्याच विभागात मुलाखत देऊन आल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोरांना बजावलं, "मॅडम म्हनू नका. मॅडम म्हटलं की मला वाटतंय माझ्या मागं कोन तरी उभं हाय. बाई म्हना." तेव्हापासून आम्हीही बाईच म्हणू लागलो. फिक्या रंगाची सुती साडी, पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, आणि दुसऱ्या बायका कमरेला किल्ल्या खोचतात तसा खोचलेला टेस्टर. प्राचार्यांच्या केबिनमधला इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा प्राचार्य मिस्त्रीला फोन लावत होते, तेवढ्यात बाईंनी झाकण उघडून आतली पाल बाहेर काढली आणि म्हणाल्या, "ही ऊब शोधत आलती. हिला हाकलायला मिस्त्री कशाला?"

चालकाविना चालणाऱ्या ट्रॅक्टरांची स्पर्धा निघाली आहे, हे बाईंनीच आणून सांगितलं. यंत्रं बनवणाऱ्या काही कंपन्यांनी मिळून ठेवली होती. कॉलेजांनी आपापलं ट्रॅक्टर तयार करायचं. कोणी हात न लावता त्यानं वावरात नांगराच्या रेघेसारखा सरळ तास धरून चालायचं, बांधाला वळायचं, आणि वाटेत काही आडवं आलं तर स्वतःहून थांबायचं. पहिला येईल त्याला चषक आणि पेपरात फोटो. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, छान आहे, करा. बाई बाहेर गेल्यावर दुसऱ्यांना म्हणालो, हे काही होत नसतं. ही दोन्ही वाक्यं माझीच आहेत.

संस्थेचं एक जुनं ट्रॅक्टर शेडमध्ये पडून होतं. बाईंनी ते मागून घेतलं. पोरांनी त्याच्या स्टेअरिंगला मोटर बसवली. बोनेटवर कॅमेरा आणि सीटच्या खाली एक खोकं. त्या खोक्यात ट्रॅक्टरची अक्कल, असं पोरं म्हणायची. मग बाई काठी घेऊन वावरात उतरल्या. ट्रॅक्टरच्या बऱ्याच पुढं त्या तासातून चालायच्या आणि ते हळूहळू मागून यायचं. दुपार दुपार हेच. लोक रस्त्यावर मोटरसायकली थांबवून बघायचे.

"बाई, ह्येला काय चारा दाखवायलात का?" एकानं ओरडून विचारलं.

"दाखवते की. तुमी इथं येऊन उभे राहा, कुणाला चारा समजतंय ते बघू."

तो मोटरसायकल सुरू करून गेला.

ट्रॅक्टरला त्या 'येडं' म्हणायच्या. रागानं नाही. येडं आज बांधावर चढलं, येड्याला आज वळण बरं जमलं, असं. भाऊ एकदा बघायला आले. त्यांचं म्हणणं पडलं की बोनेटवर त्यांच्या वडिलांचं, म्हणजे कैलासवासी तात्यांचं नाव रंगवावं. प्राचार्यांनी लगेच पेंटरला बोलवायची तयारी केली. बाई काठीवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे अजून शिकायलंय. उद्या खड्ड्यात गेलं तर गाव म्हनंल, तात्या खड्ड्यात गेले."

आम्ही सगळे जमिनीकडं बघत उभे राहिलो. मग भाऊंना असं हसू फुटलं की ड्रायव्हरनं गाडीतून पाण्याची बाटली आणली. नाव रंगवायचं राहिलं ते राहिलंच.

एक गोष्ट मात्र बाई चेष्टेत घ्यायच्या नाहीत. ट्रॅक्टरच्या पुढ्यात जिवंत माणूस उभा करायचा नाही. थांबायचा सराव करायला त्या पोती, बादल्या, फळ्या, खताच्या गोण्या भरून केलेली बाहुली, काय वाट्टेल ते ठेवायच्या. एक पोरगं हौसेनं आडवं जाऊन उभं राहिलं तेव्हा त्याला आठवडाभर वर्कशॉपमध्ये येऊ दिलं नाही. स्वतः पुढं चालायच्या त्याही ट्रॅक्टरपासून लांब, आणि थांबवायचं बटण हातात धरून.

"याला सगळं दिसतंय अशी माझी खात्री झाली म्हंजे सांगीन," त्या म्हणायच्या. "तवर कुनी न्हाई."

खात्री होत नव्हती. उन्हाळा लागल्यावर बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळी आणि भर दुपारी ट्रॅक्टर बरोबर थांबायचं. पण दिवस कलला आणि ते मावळतीकडं तोंड करून चाललं, की समोरचं पांढरं त्याला दिसायचं नाही. ऊन सरळ कॅमेऱ्यात शिरायचं आणि पांढरी गोणी त्यात विरून जायची. लाल बादलीपाशी थांबायचं, निळ्या पिंपापाशी थांबायचं, पांढऱ्या गोणीवरून जायचं. तेही दर वेळी नाही.

"कधी दिसतंय, कधी दिसत न्हाई," बाई मला म्हणाल्या. "हे कधी-कधी लई वाईट सर. कधीच दिसलं नसतं तर परवडलं असतं."

मी म्हणालो, "पांढऱ्या गोण्या किती असतात वावरात?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही मी वर्गात नसलेला पोरगा आहे. "गोण्यांचं काय घेऊन बसलात? आपल्याकडची समदी म्हातारी मानसं पांढऱ्यातच असतेत. धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी. वावरात त्या टायमाला तेच असतेत."

त्यांनी कॅमेऱ्यावर पत्र्याची पडवी केली. थोडा फरक पडला. कॅमेऱ्याच्या जोडीला आणखी एक यंत्र बसवायला हवं, ज्याला उजेडाशी देणं-घेणं नाही, असं त्यांचं मत पडलं. तेवढ्यात स्पर्धा आली. ठरलं असं की आहे तसं घेऊन जायचं, आणि ते दुसरं यंत्र बसवल्याशिवाय शेतकऱ्यांना काही दाखवायचं नाही.

स्पर्धा एका साखर कारखान्याच्या मोकळ्या रानात होती. मंडप, भोंगे, चहाचे पिंप, रांगेनं उभी ट्रॅक्टरं. चिठ्ठ्या निघाल्या आणि आमचा नंबर शेवटचा आला. बाई पंचांकडं जाऊन सकाळचा नंबर मागून आल्या. त्यांनी दिला नाही. द्यायचं काही कारणही नव्हतं. तासं मावळतीकडंच जात होती.

अडथळा म्हणून पंचांनी बुजगावणं केलं होतं. धोतर, सदरा, टोपी. बाईंनी ते लांबून पाहिलं.

नियम असा होता की प्रत्येक संघानं एका जबाबदार माणसाच्या हाती थांबवायचं बटण द्यायचं. त्यानं कडेला उभं राहायचं. काही विपरीत होतंय असं वाटलं तर बटण दाबायचं आणि लगेच हात वर करायचा. हात वर झाला की ती फेरी बाद. बटण दाबलं की नाही, हे पंचांना कळायचा तेवढाच मार्ग. सगळा भरवसा त्या माणसावर.

बाईंनी बटण माझ्याकडं दिलं. ते दाबून धरलं तोवरच ट्रॅक्टर थांबून राहायचं. "पोरांकडं द्यायचं न्हाई. जिंकायच्या नादात दाबनार न्हाईत. आन खरं सांगू का, मी पन न्हाई दाबनार बहुतेक. तुमचं काय गुंतलेलं न्हाई यात. तुमी दाबाल."

ट्रॅक्टर सुरेख चाललं. दोन्ही वळणं घेतली. शेवटच्या तासाला ते मावळतीकडं वळलं आणि पंचांच्या माणसांनी बुजगावणं आणून त्याच्या वाटेत रोवलं. मी कडेला होतो. ट्रॅक्टर सावकाश येत होतं, पण ते हळू होईना. पुढं आलं, आणखी पुढं आलं. ते बुजगावणं आहे हे मला माहीत होतं. तरी धोतर-टोपीकडं बघून माझा अंगठा आपसूक दाबला गेला. बोनेट सदऱ्याच्या बाहीला टेकेल इतक्या जवळ येऊन ट्रॅक्टर थांबलं.

लोक ओरडले. पोरं नाचायला लागली. पंच ट्रॅक्टरकडं बघत होते, माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. आता हात वर करायचा, हे मला कळत होतं. त्या क्षणी मी घाबरलो होतो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. घाबरलो होतो ते खरंच आहे. पण त्यांच्या माणसांनी बुजगावणं बाजूला घेतलं तेव्हा मी अंगठा उचलला, म्हणजे ट्रॅक्टर पुन्हा चालायला लागावं. अंगठा उचलताना मी घाबरलेलो नव्हतो. ते मी समजून उमजून केलं.

बाई पळत येतील असं वाटलं होतं. त्या बांधावर बसून राहिल्या होत्या. मी जवळ गेलो तेव्हा तोंडावरून पदर फिरवून म्हणाल्या, "थांबलं सर. उन्हात थांबलं. पांढऱ्याला थांबलं. किती शेवटाला थांबलं, पन थांबलं. आपुन उगं भ्यालो."

मी "हो" म्हणालो.

चषक घेऊन आलो तेव्हा घाटनांदुरात मिरवणूक निघाली. गुलाल, डीजे. बिनड्रायव्हरच्या ट्रॅक्टरवर त्या दिवशी अख्खा वर्ग चढून बसला होता आणि रस्त्यावर चालवायला पोलिसांनी लायसनवाला ड्रायव्हर बसवायला लावला होता. बाई त्याला म्हणाल्या, "तुमी नुसते बसा दादा, न्हाईतर येड्याला वाईट वाटंल." पेपरात फोटो आला. त्यात चषक माझ्या हातात आहे.

ते दुसरं यंत्र बसवायचा विषय आठवड्याभरात निघाला. बाईंनीच काढला आणि बाईंनीच मिटवला. "आता त्याची गरज न्हाई सर. पडवी केली तेवढ्यानं भागलंय. आपल्या डोळ्यांनी बघितलंय की." मी मान डोलावली. सांगायचं असतं तर तो दिवस होता. त्या टेबलापलीकडं बसलेल्या होत्या, दार बंद होतं, चहा आलेला होता.

मग युसूफ वडगावच्या लोकांनी बोलावलं. आमच्या गावच्या लेकीचं ट्रॅक्टर आम्हाला बघायचंय म्हणून. बाईंना आबांना दाखवायचं होतं. आबा त्या वर्षी मेंढरं घेऊन लवकर परतले होते. मी बीडला मीटिंग आहे असं सांगितलं. मीटिंग होती, पण तिला मी गेलो नसतो तरी चाललं असतं. आदल्या दिवशी बाईंना म्हणालो, "बटण हातात ठेवा. आणि लवकर दाबा."

"तुमी लई भित्रे हाव सर. शेवटाला थांबतंय ते, माहीत न्हाई का?"

पुढचं मी पाहिलेलं नाही. पोरांनी सांगितलं तसं लिहितो. वावर वस्तीजवळचंच होतं. लोक जमायला वेळ लागला आणि दिवस कलला. ट्रॅक्टर चाललं, वळलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणी तरी म्हणालं, मानूस आडवा आल्यावर थांबतंय म्हनं, दाखवा की. बाईंनी गोणी आणायला सांगितली. लोक म्हणाले, गोनीला काय, गोनीला आमचा बैल बी थांबतो. बाई स्वतः उभ्या राहायला निघाल्या. तेव्हा आबा पुढं आले. "तू तिथं बटनापाशी राहा. माझ्या लेकीनं केलंय, मीच उभा राहनार. दुसऱ्याचं लेकरू कशाला?" बाई नको म्हणाल्या असत्या. स्पर्धेआधी नक्की म्हणाल्या असत्या. त्या वेळी हसल्या आणि म्हणाल्या, "आबा, हलायचं न्हाई बरं का. शेवटाला थांबतंय ते."

आबा धोतर-सदऱ्यात, काठी टेकून, हलले नाहीत. लेकीनं सांगितलं होतं ना.

बाईंच्या हातात बटण होतं. त्यांनी ते दाबलं, पण उशिरा. आबा पडल्यावर, चाक गुडघ्याखाली पायावर चढल्यावर.

अंबाजोगाईला दवाखान्यात मी गेलो. आबा खाटेवरून म्हणाले, "सर, तुमचं ट्रॅक्टर मेंढ्यापेक्षा हट्टी हाय बरं का." बाई बाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. साडीवर माती तशीच होती.

"माझ्या हातात बटन होतं सर," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत राहिले. थांबतंय आता, थांबतंय आता. तिथं बी असंच शेवटाला थांबलं होतं. मी वाट बघत राहिले."

मी म्हणालो, "अपघात असतात बाई."

एवढंच म्हणालो.

आबांच्या पायात सळई घातली. ते चालू लागले, पण घर ते झाड आणि झाड ते घर. त्या दिवाळीनंतर मेंढरं चुलत्याच्या पोरांबरोबर गेली आणि पुढच्या वर्षी विकून टाकली. संस्थेनं कागदावर प्रकरण मिटवलं. ट्रॅक्टर शेडमध्ये लावून वर ताडपत्री टाकली. चषक प्राचार्यांच्या केबिनमध्ये राहिला.

बाई कामावर परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात हजेरीपट होता. त्या वर्गाच्या दारात उभ्या राहून एकेक नंबर पुकारायच्या, पोरगं 'हजर' म्हणेपर्यंत थांबायच्या, मान वर करून ते कोण बोललं ते बघायच्या आणि मग पुढचा नंबर. तास अर्धा संपायचा. पोरं कंटाळायची. मी एकदा म्हणालो, "बाई, तुम्हाला कशाला लागतं हे? तुमची नजर..."

"नजरेचं नाव काढू नका," त्या म्हणाल्या.

वर्कशॉपमध्ये त्या गेल्या नाहीत. कमरेचा टेस्टर दिसेनासा झाला. पुढच्या वर्षी केजकडच्या एका शाळेत जागा निघाली, आबांजवळ राहता येईल म्हणून त्या तिकडं गेल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. मी तरी भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही, टाळ्या पडल्याचं आठवतं.

हे असंच राहिलं असतं. मागच्या वर्षी आमच्याकडं एक नवे प्राध्यापक आले, तरुण. त्यांनी ताडपत्री काढून ट्रॅक्टर पाहिलं. स्पर्धा अजूनही होते, पुन्हा उतरू या म्हणाले. जुन्या फाइली वाचून माझ्या केबिनमध्ये आले आणि सहज विचारलं, "सर, यात उन्हाचा एक प्रश्न लिहिलाय. तो सुटलाय ना? स्पर्धेत तर थांबलं होतं."

त्यांना मी म्हणालो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी युसूफ वडगावला गेलो.

आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. बाई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होत्या. केस पांढरे व्हायला लागले होते. "या सर," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. त्या परत आल्यावर मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. उभ्यानंच. ते स्वतःहून थांबलं नव्हतं, मी बटण दाबलं होतं, हात वर केला नव्हता.

बाईंनी ओले हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"तुमी दाबलं तवा केवढं लांब होतं?"

मी अंगणातल्या, शेळ्यांच्या पाण्याच्या दगडी डोणीकडं हात केला. "इथून तेवढं."

"हळू झालतं?"

"नाही."

"जरा बी न्हाई?"

"जरासुद्धा नाही."

"म्हंजे दिसलंच नव्हतं त्याला." त्या डोणीकडं बघत होत्या. मग माझ्याकडं वळल्या. "हात कावून वर केला न्हाई?"

"सगळे ओरडत होते. मी घाबरलो."

"मंग दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी कोन वरडत होतं?"

मी आबांच्या बाजेकडं पाहिलं.

"मी दवाखान्यात तुमाला म्हनले, मी वाट बघत राहिले. तुमच्या समोर म्हनले. तवा बी तुमाला माहीत होतं."

"हो."

"मी रोज त्या बटनाचा इचार केलाय सर. रोज. माझा अंगठा येळेवर कावून दाबला गेला न्हाई म्हनून. माझ्यातच खोट हाय म्हनून."

बाजेवरून आबा बोलले. "पोरी, सर काय म्हनायलेत? तुझं चुकलं न्हवतं?"

"नाही आबा," मी म्हणालो. "त्यांचं नव्हतं."

"मी कवाचा सांगायलोय तिला. ऐकतीय का?" आबा पाय सावरून बसले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काय होतं ते मला कळलं नाही. सवयीनं म्हणाले, "चहा टाक सरांना."

"चहा न्हाई आबा," बाई म्हणाल्या.

मी निघालो. फाटकापर्यंत त्या आल्या. तिथं विचारलं, "तुमच्या त्या नव्या सरांना सांगितलं का?"

"आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

"आधी त्यांना सांगायचं होतं. ट्रॅक्टर त्यांच्या हातात हाय. माझं व्हायचं ते झालंय." आणि फाटक लावून घेतलं.

सोमवारी त्या प्राध्यापकांना सांगितलं, मग प्राचार्यांना. भाऊंनी फोनवर विचारलं, "काय बे, मिटलेलं कावून उकरायलास?" मी म्हणालो, मिटलेलं नव्हतं. स्पर्धावाल्यांना कळवून चषक परत पाठवला. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. प्रमुखपद मी सोडलं, ते फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी बाई कॉलेजात आल्या. मला भेटायला नाही. प्राचार्यांची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. शेडमध्ये जाऊन त्यांनी स्वतः ट्रॅक्टरचा कॅमेरा उतरवला, सीटखालचं खोकं सोडवलं, वायरी एकेक करून गुंडाळल्या. नवे सर मदतीला होते, त्यांना त्या काय काय समजावत होत्या. मी दारात उभा होतो. खोकं जड होतं, म्हणून मी हात पुढं केला. "राहू द्या," म्हणाल्या आणि पोटाशी धरून फाट्यापर्यंत चालत गेल्या. मी थोडं अंतर ठेवून मागं गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही.

केजची एसटी आली. बाई चढून खिडकीशी बसल्या, खोकं मांडीवर घेतलं. मी खाली रस्त्याच्या कडेला होतो, खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"बाई, काय हाय त्यात?" कंडक्टर म्हणाला. "कोंबड्या-बिंबड्या न्हाईत ना?"

"ट्रॅक्टरचं डोकं हाय."

"आँ?"

"डोळा बी हाय. उन्हात पांढरं दिसत न्हाई त्याला."

"मंग आता कुठं, दवाखान्यात?"

"घरी न्यायलेय. माझ्याकडं. शिकवायचं राहिलंय त्याचं."

"तिकीट लावू का मंग ह्याला?"

"लावा की. आज हाफ लावा. शिकून माघारी येईल तवा फुल्ल लावा."

पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून बघायला लागला. पांढरी टोपी, पांढरा सदरा. बाईंनी त्याला विचारलं, "बाबा, कुठलं गाव?" तो काय म्हणाला ते घंटीत ऐकू आलं नाही. बस निघाली. माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. खिडकीतून ऊन आत येत होतं. बाईंनी पदर ओढून त्या खोक्यावर धरला आणि म्हाताऱ्याशी बोलत राहिल्या.